पंचमीचा हिसका

तोरणमाळ,
२ जून १९६३

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. पत्रावर बोटांचे काळे ठसे दिसले तर घाबरू नकोस, तुझा भाऊ कोळशाच्या वखारीत लागलेला नाही. नोकरी भूकंप मोजायच्या यंत्रावरचीच आहे. फक्त हे यंत्र काजळी धरलेल्या कागदावर लिहितं. रोज रॉकेलच्या दिव्यावर कागद काळा करायचा, फिरत्या ड्रमवर गुंडाळायचा, की एक बारीक सुई त्या काजळीत पांढरी रेघ ओढत बसते. जमीन हलली की रेघ हलते. दुसऱ्या दिवशी कागद उतरवून लाखेच्या रोगणात बुडवायचा, म्हणजे काजळी पुसत नाही. माय आपल्या डोळ्यांत घालायची त्या काजळावर आता माझं पोट आहे.

तू विचारलंस, डोंगराच्या डोक्यावर बसून सरकारला काय मिळणार? ऐक. बडे देश अणुबॉम्ब फोडून बघतात, हे तू रेडिओवर ऐकतेस. हे फोडणं बंद करू या, अशी बोलणी पाच वर्षं चालली आहेत. अडलंय ते विश्वासावर. आभाळात फोडला तर लपत नाही, त्याची धूळ वाऱ्याबरोबर जगभर फिरते. पण जमिनीच्या पोटात फोडला तर तो भूकंपासारखा भासतो. फोडणारा म्हणेल, धरणी हलली, मी काय करू? म्हणून देशोदेशी अशी यंत्रं बसवायची आणि सगळ्यांनी एकमेकांचे कागद ताडून पाहायचे, असा विचार आहे. आमचं यंत्र एका देशाचं, घड्याळ दुसऱ्याचं आणि काजळी माझी. जागा पुरेशी शांत निघाली तर इथे कायमचं ठाणं होईल आणि मीही कायम होईन.

आता तुझ्याकडे काम. तुमच्या डोंगराकडच्या शेतात विहिरीचं काम चाललंय. तिथला सुरुंग उडाला की माझी सुई उडते. तेवढं दाजींना सांग, सुरुंग लावला की एक कार्ड टाकायचं. दिवस आणि वेळ, बाकी काही नको. म्हणजे तो धक्का घरचा, हे मला कळेल.

तुझा,
गिरधर


लोणखेडा,
१३ जून १९६३

चि. गिरधर,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, आणि ठसे बघून सासूबाईंनी आधी विचारलं, पोरगा आंघोळ करतो की नाही?

तुझं काम मी यांना सांगितलं. तुझे दाजी कसे आहेत तुला ठाऊक आहे. लगेच म्हणाले, "सरकारले मन्ही इहीरशी काय लेनंदेनं? पानी लागनं का कर लावतीन." मी म्हटलं, सरकार नाही, माझा भाऊ विचारतोय. तेव्हा हूं म्हणाले. म्हणजे हो समज.

पण खरा आनंद झाला तो झिपरूला. माझ्या लग्नाच्या आधीपासून तो या घरात सालदार आहे, पण त्याला इतका हरखलेला मी कधी पाहिला नव्हता. "आपला सुरुंग भाऊले डोंगरवर ऐकू येस?" असं त्याने मला तीनदा विचारलं. काल सुरुंग उडाला आणि धूळ बसायच्या आत हा विहिरीच्या काठावर उभा राहून तोरणमाळाकडे तोंड करून ओरडला, "गिरधरभाऊ, लिखी ल्या हो!" सुरुंगवाला हसून हसून खाली बसला.

कार्ड मी लिहीन, वेळ झिपरू सांगेल. त्याचं घड्याळ सूर्याचं आहे, तेव्हा थोडं इकडेतिकडे धरून चाल.

विहिरीला अजून पाणी नाही. काळा दगड संपतच नाही. पाऊसही एकदा तोंड दाखवून गेला. तू जेवण नीट करत जा.

तुझी,
आक्का


तोरणमाळ,
४ जुलै १९६३

ती. आक्का,

झिपरूला सांग, भाऊने लिहून घेतले. एकूण एक सुरुंग कागदावर आहेत. तुझी कार्डं आणि माझे कागद शेजारी ठेवले तर आमच्या इथल्या मुख्य साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, असा माणूस प्रत्येक खेड्यात असता तर जगातली निम्मी भांडणं मिटली असती. आता धक्क्यांच्या बाहेरदेशी जाणाऱ्या यादीत इंग्रजीत लिहिलं जातं: हिलाल पाटील यांची विहीर, लोणखेडा. दाजींना सांग, कर बसणार नाही, नाव मात्र साता समुद्रापलीकडे गेलं.

साहेबांनी एक गंमत शिकवली. सुरुंग जमिनीला सगळ्या बाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून त्याचा पहिला फटका कागदावर वरच जातो. भूकंप एकीकडे ढकलतो तर दुसरीकडे ओढतो. झिपरूचे सगळे फटके वर गेलेले आहेत, अगदी ताठ. एका यंत्रावरून छातीठोक सांगता येत नाही, पण दहा देशांचे कागद जवळ आले की येतं. म्हणून तर सगळ्यांनी खरे कागद द्यायचे.

इथे धुकं आहे. इथल्या पावरा आदिवासींची गुरं यंत्राच्या खोपटाजवळ आली की सुई थरथरते, मग मी काठी घेऊन धावतो. शिकून गुराखीच झालो.

गिरधर


तोरणमाळ,
२७ जुलै १९६३

ती. आक्का,

परवा पंचमी झाली. तू आदल्या दिवशी माझ्यासाठी उपास धरला असशील, आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत दोनदा चहा प्यायली असशील. तेवढा भावाला चालतो.

पंचमीच्या सकाळी कागदावर एक हिसका आला. जवळचाच, आणि पहिला फटका वर. साहेब बघताक्षणी म्हणाले, सुरुंग. मी हसलो. म्हटलं, साहेब, तुम्ही आमच्या मुलखातले नाही. नागपंचमीला इथे कोणी जमिनीला कुदळ लावत नाही, नांगर लावत नाही. बायका भाजी चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. नांगराच्या फाळाने नागाची पिलं मेली, ती गोष्ट इथे पोरांना पाळण्यात सांगतात. त्या दिवशी सुरुंग लावणारा माणूस साऱ्या खानदेशात मिळायचा नाही.

साहेब म्हणाले, गिरधर, मला तुमची गोष्ट नको, माणसाची खात्री हवी. आक्का, तुझं कार्ड तर अजून आलं नाही, म्हणजे काही नव्हतंच. तरी एकदा लिही. तुमच्या बाजूला काही झालं नाही ना?

पंचमीच्याच दिवशी मॉस्कोत तीन देशांचा करार ठरला, रेडिओवर ऐकलं असशील. हवेत, पाण्यात, अवकाशात बॉम्ब फोडायचा नाही. फक्त जमिनीखालचं राहिलं. का, तर संशय आला की कोणी कोणाच्या घरात जाऊन बघायचं आणि वर्षातून किती वेळा, यावर जमेना. कोणालाच आपल्या अंगणात दुसरा नको आहे. म्हणजे आमची काजळी अजून बरीच लागणार.

गिरधर


लोणखेडा,
१ ऑगस्ट १९६३

चि. गिरधर,

सोबत राखी आहे. सूत साधंच आहे, पण गाठ मी मारली आहे. पौर्णिमेला तिथे कोणाकडून तरी बांधून घे.

उपास केला आणि चहा प्यायले, दोन्ही खरं. पंचमीला दिंड उकडले. विळी सकाळपासून भिंतीला टेकवून ठेवली होती. आम्ही सगळ्या बायका वारुळाला गेलो, गाणी म्हटली, लाह्या वाहिल्या. मळ्यातल्या निंबाला झोका बांधला होता. आपल्या घरात त्या दिवशी मातीला कोणी हात लावतं का? तू तरी कसलं विचारतोस?

विहिरीचं काम सध्या बंद आहे. सुरुंगवाला सणाला आपल्या गावी गेला तो आलाच नाही. झिपरूही आठवडाभर घरी आहे. कुंपण घालताना डोळ्यात बाभळीचा काटा गेला. गावातल्या मलमवाल्याने मलम दिलंय. उतरेल.

पाऊस नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि कोणाच्या पापाने अडला ते शोधतात. तू बरा राहा.

आक्का


तोरणमाळ,
११ ऑगस्ट १९६३

ती. आक्का,

राखी साहेबांच्या स्वयंपाक्याने बांधली. ओवाळणी म्हणून दोन बटाटे जास्त मागतो आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी लिहून दिलं: पंचमीला या भागात कुठेही सुरुंग उडालेला नाही, मी इथला रहिवासी आहे, माझी खात्री आहे. खाली सही केली. साहेबांनी पंचमीचा काळा कागद पुन्हा उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, सुई वेगळं सांगते, पण तुमच्यावर भरवसा ठेवतो. आपल्या देशाने त्या कराराला सही केली त्याच आठवड्यात माझीही सही झाली, हसू नकोस.

आता त्या काळ्या कागदाचं नशीब बघ. परदेशी बैठकीत तो दाखवायचं चाललं आहे. नैसर्गिक धक्कासुद्धा हुबेहूब सुरुंगासारखा दिसू शकतो, याचा नमुना म्हणून. साहेबांना ते फारसं आवडलेलं नाही. म्हणतात, जमिनीखालची बंदी ज्यांना नकोच आहे त्यांच्या हातात हे कोलीत आहे. बघा, ओळखता येत नाही, मग बंदी कशाच्या जोरावर घालता, असं ते म्हणतील. पण खरं ते खरं, त्याला मी काय करणार?

झिपरूचा काटा निघाला का? त्याच्याशिवाय इथे करमत नाही. तीन आठवडे झाले, कोणी हाक मारली नाही.

गिरधर


लोणखेडा,
२० ऑगस्ट १९६३

गिरधर,

काल पोळा झाला. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे.

झिपरू काल पहाटेच आला. दर पोळ्याला बैल तोच धुतो, शिंगं तोच रंगवतो. डोळ्यांवर फडकं होतं. म्हणाला, एवढा दिवस मी बैलांना परक्याच्या हाती देणार नाही. हाताने चाचपून त्याने धवळ्याच्या शिंगाला हिंगूळ लावला. मग वळला, पुन्हा हात पुढे केला आणि त्याच शिंगाला दुसऱ्यांदा लावला. दुसरा बैल कोराच उभा होता. मी आत जाऊन धान्याच्या कणगीला डोकं टेकून रडले.

तुला खोटं लिहिलं. काटा नव्हता. पंचमीच्या आदल्या दिवशी विहिरीत सुरुंग भरला होता, वात ओली होती, उडाला नाही. सुरुंगवाला तसाच सोडून गावी गेला. सकाळी हे म्हणाले, "सुरुंग भरेल शे. परब शे म्हनीसन तसाच सोडना, आनि झोका खेळनारी पोरं इहीरमा उतरनात तं?" आम्ही बायका वारुळाकडे गेलो आणि हे झिपरूला घेऊन विहिरीवर गेले. नवी वात लावली. बराच वेळ काही होईना, म्हणून झिपरूला बघायला पाठवलं. तो वाकला आणि तेव्हाच उडाला.

आम्ही गाणी म्हणत होतो. मला आवाज ऐकू आला होता, गिरधर. मी अजून मोठ्याने गायला लागले.

गावाला कळलं असतं तर पाऊस आमच्यामुळे अडला म्हणाले असते. म्हणून झाकली मूठ ठेवली. मलमवाल्यालाही काटाच सांगितला. झिपरूनेही तेच सांगितलं, कारण त्याला खरोखरच वाटतं की, "नागदेवनी डोया लिधात. आपन त्यानं घर फोडं." उजवा डोळा सुजून बंद झालाय, आणि आता डाव्यालाही अंधारी येते.

तुला कळवलं नाही कारण तुझ्यासाठी उपास धरला होता. पंचमीला जमीन फोडून तो बाटला, असं तुला कसं लिहू? आता काय करायचं ते तू सांग. कोणाला सांगू नको, असंही लिहिणार होते. ते लिहीत नाही.

आक्का


तोरणमाळ,
२२ ऑगस्ट १९६३

आक्का,

हे पत्र साहेबांचा ड्रायव्हर दलसिंग हातोहात आणतो आहे. जीप दाराशी आहे. झिपरूला त्यात बसव आणि आजच्या आज चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात ने. पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच सांगायचं: सुरुंग उडाला, तोंडावर उडाला. काट्याचा डोळा आणि सुरुंगाचा डोळा सारखा नसतो. दगडाची कपची आत असली तर ती मलमाने कशी निघेल?

मी साहेबांना सांगितलं. दाजींचं नाव घेऊन सांगितलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा.

तुझ्यावर मी कोणत्या तोंडाने रागवू? सुईने त्याच दिवशी मला लिहून दिलं होतं, सुरुंग आहे म्हणून. काखेत कळसा होता. मी म्हटलं, नाही, आमची माणसं तशी नाहीत. मी फक्त एक दिवस डोंगर उतरून आलो असतो तर झिपरूला महिन्यापूर्वीच नेलं असतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, वर सही ठोकली.

जा आता, वाचत बसू नकोस.

गिरधर


चिंचपाडा,
३० ऑगस्ट १९६३

चि. गिरधर,

तापी ओलांडून झिपरूला घेऊन इथे पोचलो. हेही आले. मला वाटलं नव्हतं येतील. जीपमध्ये मागे बसले, झिपरूचा हात धरून.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, कशाने झालं? झिपरू म्हणाला, काटा. मी तोंड उघडणार, तोच हे पुढे झाले. दवाखान्यातली सगळी माणसं बघत होती. म्हणाले, "काटा नही, सायेब. सुरुंग. मीच पाठाडं व्हतं त्याले." आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कपची निघाली. तांदळाएवढी, काळी. उजवा डोळा काढावा लागला. डाव्याचं अजून सांगत नाहीत. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचवता आला असता.

यांनी तुझं नाव काढलेलं नाही. राग आहे की लाज, मला कळत नाही. झिपरूला मी सांगितलं, डोळा नागाने नाही नेला, दगडाने नेला, आणि आम्ही ते लपवलं. त्याने ऐकलं. मान हलवली, पण कशासाठी हलवली कोण जाणे.

आक्का


तोरणमाळ,
१४ सप्टेंबर १९६३

ती. आक्का,

साहेबांनी दुरुस्ती कळवली. तो धक्का नैसर्गिक नव्हता, विहिरीचा सुरुंग होता, आणि चुकीची खात्री स्थानिक सहायकाने, म्हणजे मी, दिली होती. बैठकीतून कागद मागे घेतला. परदेशातून एका ओळीचं उत्तर आलं, दुरुस्तीबद्दल आभार. मला वाटलं होतं शिव्या येतील. त्यापेक्षा हे आभार जड गेले.

ठाण्याचं अजून ठरलेलं नाही. पण साहेबांनी एक नियम केला आहे. ज्या धक्क्याचं कार्ड नाही, तिथे माणसाने स्वतः जाऊन बघायचं. कोणाच्या तोंडी खात्रीवर सही नाही, माझ्या तर नाहीच. आणि पहिली तपासणी पंचमीच्या धक्क्याची करायची आहे. विहीर बघायची, सुरुंगाचं भोक कुठे होतं ते मोजायचं.

साहेबांना सरकारी हुकूम आणता येईल. मी म्हटलं, नको, आधी विचारतो. बडे देश ज्यावर अडून बसले तीच गोष्ट मी माझ्या बहिणीच्या घरी मागतो आहे. दाजी नाही म्हणाले तर मी त्यांना दोष देणार नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव. झिपरूलाही वाचून दाखव, आणि यादीत त्या धक्क्यापुढे आता सुरुंग असं लिहिलं आहे, हे त्याला सांग.

गिरधर


लोणखेडा,
२३ सप्टेंबर १९६३

गिरधरले हिलालना रामराम.

बोलस मी, लिखस तुन्ही बहीन. तिनी मधमा आपलं काही घालानं नही, असं सांगेल शे.

तुन्हा सायेबले संगे लई ये. इहीर उघडी शे. पहिले मी उतरसू, मंग तुम्ही. भोक कोठे व्हतं ते मी दखाडसू. गावना लोक बी काठवर उभा ऱ्हातीन. त्यास्ले मीच सांगी टाकं. काही जनस्नी माले रामराम कराना सोडा. पाऊस नही म्हनीसन बोल लावतस. लावू दे.

झिपरू घर उना. डावा डोयाले उजेड दिखस, मानूस दिखत नही. धवळ्याना आंगवर हात ठेईसन बशी ऱ्हास. तुन्ही चिठ्ठी तुन्ही बहीननी त्याले वाची दखाडी. सुरुंग असं लिखं, ते त्यानी ऐकं. मंग तोरनमाळकडे तोंड कयं, आनि ओरडना नही, हाळूच इचारं,

"सुरुंग तं भाऊनी लिखी लिधा. मन्हा डोया कोन लिखी लेई?"

तुन्हा सायेबले इचार. तू बी इचार कर.

उत्तर नही सापडनं तरी ये.